आधी विश्वामित्री, मग अनारसे

माझ्या आतेसासूबाईंइतक्या आदराने कोंबडीच्या पार्श्वभागाकडे बघणारी बाई नर्मदेच्या दोन्ही तीरांवर शोधून सापडायची नाही. लोक देवळात गेले की मूर्तीचं मुख बघतात, लग्नात नवरीचे दागिने बघतात, बैल घ्यायचा असला तर त्याचे दात बघतात. आत्यांना कोंबडी दिसली की त्या आधी तिच्या मागे जाऊन उभ्या राहतात, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतात, कमरेत वाकतात आणि बराच वेळ निरखून झाल्यावर "हं, ठीक आहे" म्हणतात. हे "हं, ठीक आहे" पाच कोंबड्यांच्या पाठीमागे पाच वेळा म्हणून झाल्याशिवाय त्यांच्या घरात सकाळचा चहा होत नसे. मी लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना नमस्कार करायला गेलो, तेव्हा त्या अंगणात अशाच वाकलेल्या होत्या. मी पुढे होऊन वाकलो. त्यांनी मान न वळवता "जरा थांबा, जावईबापू, हिचं बघून होऊ दे" असं सांगितलं आणि मी एका कोंबडीच्या शेपटीसमोर हात जोडून दोन मिनिटं उभा राहिलो. माझ्या बायकोने त्याचा फोटो काढला. तो अजून तिच्या फोनमध्ये आहे आणि दर वाढदिवसाला तो आमच्या घरच्या ग्रुपवर येतो.

"माणूस तोंडाने काहीही बोलतो. कोंबडी मागून खरं तेच सांगते," असं आत्यांचं म्हणणं. या विषयात त्यांना संकोच म्हणून नव्हता. एका मुंजीत पंगतीला माझ्या शेजारी बसून, समोरच्या काकूंच्या द्रोणात कढी वाढली जात असताना, त्यांनी कोंबडीच्या हगवणीवर बोलायला सुरुवात केली. "हे बघा, ही कढी आहे ना, इतकं पातळ आलं तर काळजी करायची. पण आपली पिठल्याची कड असते तसं घट्ट, चॉकलेटी आणि नाक धरावं असं आलं, तर मुळीच घाबरायचं नाही. ते आंधळ्या आतड्यातलं असतं. दर आठ-दहा शिटांमागे एखादी तशी येतेच, त्यात आजारबिजार काही नसतो." काकूंनी द्रोण हळूच पानाबाहेर सरकवला. त्या दिवशी आमच्या बाजूच्या रांगेत कढी कुणीच दुसऱ्यांदा मागितली नाही. आत्यांनी मात्र तीनदा घेतली. हे ज्ञानही त्यांनी उगीच मिळवलेलं नव्हतं. सुरुवातीच्या दिवसांत तसलीच एक चॉकलेटी शीट बघून त्या हादरल्या होत्या, ती कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरून भर दुपारी रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या होत्या, आणि डॉक्टरांनी डबी उघडून "बेन, ही तर एकदम तंदुरुस्त कोंबडीची आहे" असं सांगितल्यावर त्यांनी त्या आनंदात दवाखान्यातल्या सगळ्यांना पेढे वाटले होते. पेढे कशाबद्दल हे कुणालाच नीट कळलं नाही. डबी परत आणली का, हे विचारायचं धाडस आमच्यात कुणी केलं नाही.

आत्या म्हणजे माझ्या बायकोच्या, मंजिरीच्या, वडिलांची थोरली बहीण. मंजिरीचे आजोबा संस्थानच्या काळात सरकारी कचेरीत अव्वल कारकून होते. त्यांचं अक्षर, त्यांची शिस्त आणि "असं चालायचं नाही" म्हणण्याची त्यांची पद्धत हे तिन्ही आत्यांकडे आलं. लग्न त्यांनी केलं नाही. मुलींच्या शाळेत तीस-पस्तीस वर्षं भूगोल शिकवला. निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली अर्ध्या बडोद्यात पसरलेल्या होत्या. त्यांतलीच एक वाघोडियाच्या बाजूला कोंबड्यांचा फार्म चालवत होती. तिने एकदा हौसेने बाईंना फार्म बघायला नेलं. परत निघताना एका टेम्पोत पिंजरे चढत होते. आत्यांनी विचारलं, "ह्या कुठे निघाल्या?" ती म्हणाली, "बाजारात, टीचर. दीड-पावणेदोन वर्षं झाली, आता रोज अंडं देत नाहीत. रिटायर झाल्या." या शब्दावर आत्या गाडीचं दार उघडून खाली उतरल्या. "मीही मागच्याच महिन्यात झाले," त्या म्हणाल्या, आणि हाताला लागल्या तेवढ्या पाच कोंबड्या पिंजऱ्यातून काढून घेतल्या. घरी अंडं शिजलेलं नाही, सात पिढ्यांत कुणी कोंबडी पाळलेली नाही, आणि तरसालीच्या ज्या सोसायटीत त्या राहतात तिथे कांदा-लसूण आणणारे लोकसुद्धा पिशवी झाकून आणतात. त्या सोसायटीत त्या संध्याकाळी पाच कोंबड्या मांडीवर घेऊन रिक्षातून उतरल्या.

शिकवलेला भूगोल वाया जाऊ नये म्हणून त्यांनी पाचही जणींना नद्यांची नावं दिली. नर्मदा, तापी, मही, साबरमती आणि सगळ्यात गुबगुबीत, सगळ्यात हावरी जी होती ती विश्वामित्री. बडोद्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं की विश्वामित्री ही आमच्या गावातून वाहणारी नदी. तिच्यात मगरी आहेत, आणि एरवी ती गटारासारखी पडून असते, पण एकदा पिसाळली की अर्ध्या शहराला गच्चीवर बसवते. त्यामुळे "विश्वामित्री" हा शब्द फोनवर घाईने उच्चारला की बडोद्याचा माणूस आधी स्कूटर उंचावर नेऊन ठेवतो.

आत्यांचा तो फोन आला तेव्हा भर उन्हाळा होता, आणि त्या वर्षी ज्येष्ठ अधिक आला होता. मी ऑफिसात होतो. आत्या म्हणाल्या, "जावईबापू, विश्वामित्री वाहायला लागली आहे. काल रात्रीपासून थांबत नाहीये." मी खिडकीबाहेर बघितलं. आकाश तव्यासारखं तापलेलं, ढगाचा मागमूस नाही. मी विचारलं, "आत्या, वरच्या धरणातून सोडलं का?" "धरणातून कसलं? मागून सोडते आहे," त्या म्हणाल्या. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने एवढ्यात माझ्या तोंडचं "धरणातून सोडलं" ऐकून घरी फोन लावलाही होता. त्याच्या बायकोने गहू माळ्यावर चढवल्याचं मला नंतर समजलं.

पण गंमत तिथेच संपली. विश्वामित्रीला खरोखरच पाण्यासारखी हगवण लागली होती आणि तिची मागची दाट, मऊ पिसं चिकटून, वाळून, त्यांचा दगडासारखा गोळा झाला होता. बाकीच्या चौघींचंही थोडं थोडं तसंच होतं. उन्हाळ्यात कोंबड्या पाणी जास्त पितात म्हणून थोडं पातळ व्हायचंच, हे आत्यांना माहीत होतं. त्यांनी पाण्याचं भांडं सावलीत हलवलं, दिवसातून तीनदा ताजं पाणी भरलं, हिरवा पाला बंद केला, खुराड्यातला भुसा रोज बदलला. काही फरक पडेना. डबी पुन्हा डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जंत नाहीत, रोगाचं काही दिसत नाही, मग खाण्यातच काहीतरी आहे. "मीठ जातंय का पोटात? खारट खाल्लं की त्या पाणीच पाणी पितात." आत्यांना हा घराण्याचा अपमान वाटला. "माझ्या घरात मलाच मीठ मोजून असतं," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि तिने मात्र आत्यांचा चेहरा उतरला. अशा घाण पिसांवर माश्या अंडी घालतात, उन्हाळ्यात एका दिवसात अळ्या होतात, आणि त्या कोंबडीला जिवंतपणी खातात. ती पिसं धुऊन, कापून मोकळी करा, उशीर करू नका.

त्यातच सोसायटीच्या फलकावर नोटीस लागली. वास येतो, माश्या झाल्या आहेत, लहान मुलं आजारी पडतील, म्हणून रविवारी संध्याकाळी पाच वाजता सभा, विषय एकच: मरघी, म्हणजे कोंबडी. खाली प्रमुखांची सही. प्रमुख म्हणजे जयंतीभाई, आत्यांच्या मागच्याच घरातले, दोघांच्या मध्ये फक्त एक कमरेएवढी भिंत. सत्तरीचे, विधुर, स्वभावाने इतके मवाळ की कुत्र्याला हाकलतानाही "जा, बेटा" म्हणत. ते स्वतः येऊन जड आवाजात म्हणाले, "बेन, मारी इच्छा नथी. पण बधा कहे छे." सगळे म्हणतात, मग प्रमुखाने काय करायचं? आत्या म्हणाल्या, "कोंबड्या गेल्या तर जाणार कुठे? वाघोडियाला. आणि तिथून टेम्पोत." जयंतीभाई खाली मान घालून निघून गेले.

आणि नेमका तोच रविवार आत्यांनी आम्हाला अधिकाच्या जेवणाला बोलावलेला होता. सासूसासरे इंदूरला, त्यामुळे बडोद्यात जावयाचा मान राखणारं माणूस म्हणजे आत्या एकट्याच. अधिकात जावयाला तेहतीस अनारसे, चांदीचा दिवा आणि कपडे द्यायचे असतात. सकाळी अकराला आम्ही पोचलो, तर आत्यांनी मला पाटावर बसवलं, ओवाळलं, रेशमी कुर्ता दिला आणि "घाला, माझ्यासमोर घाला" म्हणून घालायलाही लावला. मी अनारशांच्या ताटाकडे बघितलं. ते झाकलेलं होतं. "आधी विश्वामित्री, मग अनारसे," आत्या म्हणाल्या. "डोक्यावर ऊन आलं की धुवायची, म्हणजे लवकर वाळेल. पाचच्या आत ती नवरीसारखी दिसली पाहिजे." मी कुर्ता बदलतो म्हटलं. "बदलताय काय? दोन मिनिटांचं काम आहे. तुम्ही फक्त धरायचं. शेपूट वर."

जगातल्या कुठल्या जावयाला अधिक महिन्यात कुठे बसवलं असेल ते असो, मला अंगणात एका घमेल्यासमोर उकिडवा बसवला. घमेल्यात कोमट पाणी. आत्यांनी कोपर बुडवून बघितलं, जसं तान्ह्या मुलाच्या आंघोळीचं बघतात. त्यात लहान मुलांचा शांपू दोन थेंब. मंजिरी आमच्या घरून आणलेलं केस वाळवायचं यंत्र घेऊन बटणापाशी उभी. विश्वामित्रीला पकडायला वीस मिनिटं लागली. त्यात एक कुंडी फुटली, एक चप्पल विहिरीसारख्या खोल नाल्यात गेली आणि मी तुळशीला तीन प्रदक्षिणा घातल्या. शेवटी आत्यांनीच तिच्यावर जुनं लुगडं टाकून तिला उचललं, माझ्या दोन तळव्यांत दिलं आणि म्हणाल्या, "पंख अंगाशी धरा. छातीवर दाबू नका, तिला श्वास घेता यायला हवा. सोडा पाण्यात. हळू."

मला वाटलं आता पाण्याचं तुफान होणार. झालं उलटंच. विश्वामित्रीने एकदा "क्वाक्" केलं, मग कोमट पाणी पोटाला लागलं आणि तिची मान हळूहळू माझ्या मनगटावर आली. डोळ्यांवर खालून पांढरी पापणी चढली. ती चक्क पेंगू लागली. आत्या खाली बसून दोन बोटांनी तो वाळलेला गोळा भिजवत होत्या. "ओढायचं नाही, जावईबापू. ओढलं की कातडी सोलवटते. भिजू द्यायचं. धीर धरला की सगळं सुटतं." असं म्हणत त्या केसाएवढा केसाएवढा मळ सोडवत होत्या. पाणी तीनदा बदललं. जिथे सुटलं नाही तिथे त्यांनी बोथट टोकाच्या कात्रीने पिसं कापली, पण प्रत्येक पीस आधी उन्हाकडे धरून बघत: नवीन फुटणाऱ्या पिसाच्या देठात रक्त असतं, ते कापलं तर कोंबडी दुखावते. खालची कातडी लाल झाली होती, पण अळ्या नव्हत्या. आत्यांनी दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा मंजिरीला बघायला लावलं, चौथ्यांदा मला. मी बघितलं. सगळं ठीक होतं, असं मी गंभीरपणे सांगितलं. आणि अगदी त्याच क्षणी, पोटाला ऊब मिळाल्यामुळे असेल किंवा माझ्यावरच्या विश्वासामुळे असेल, विश्वामित्रीने रेशमी कुर्त्यावर आपलं मत नोंदवलं. ते गळ्यापासून कमरेपर्यंत उतरलं. मंजिरी हसून हसून भिंतीला टेकली. आत्या मात्र माझ्या छातीशी चष्मा आणून वाकल्या. "अजून पातळच आहे," त्या काळजीने म्हणाल्या. "म्हणजे ते अजूनही तिच्या पोटात जातंय. काय खाल्लंय?"

दुपारचा दीड वाजला असेल. उन्हाळ्यात या वेळी आख्खं बडोदं झोपतं. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, कुत्री गाड्यांखाली जातात, आणि आत्याही एरवी एक ते चार डोळ्यांवर ओलं फडकं घेऊन पडलेल्या असतात. त्या दिवशी केवळ विश्वामित्रीमुळे त्या जाग्या होत्या. कोंबडीला टॉवेलमध्ये गुंडाळून माझ्या मांडीवर घेतलं होतं, मंजिरी लांबून गरम वारा सोडत होती, पिसं फुलून कापसासारखी होत होती. इतक्यात मागच्या भिंतीपलीकडे प्लॅस्टिकची पिशवी चुरचुरली. इतकाच आवाज. पण नर्मदा, तापी, मही आणि साबरमती एकदम माना उंचावून उभ्या राहिल्या आणि चारही नद्या भिंतीकडे धावल्या. विश्वामित्री माझ्या मांडीवरून टॉवेलसकट उडाली. टॉवेलचं टोक यंत्राच्या वायरीत अडकलं, यंत्र मंजिरीच्या हातातून निसटलं, आणि अंगणातून पांढरा टॉवेल, त्यामागे वायर, त्यामागे घुंईऽऽ करणारं यंत्र अशी वरात निघाली. मी बटण बंद करायला धावलो आणि घमेल्यात पाय घालून बसलो.

भिंतीवरून एक हात आला. मनगटाला जाड सोनेरी घड्याळ, बोटांत पुष्कराजाची अंगठी. हातातून गाठियांचा पाऊस पडला, त्यामागून तरबुचाच्या, म्हणजे आपल्या कलिंगडाच्या, लाल फोडी. आणि आवाज आला, लेकींना जेवायला बोलवावं तसा अगदी लाडिक: "आवो, आवो, मारी दीकरीओ! आज तो तमारी मीटिंग छे, बराबर खाई लो."

आत्या भिंतीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. कमरेवर हात. "जयंतीभाई," त्या शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "बाहेर या."

हात गायब झाला. बऱ्याच वेळाने डोकं वर आलं. प्रमुखांच्या मिशीत गाठियाचा चुरा होता. आधी ते "हुं तो अमस्तो..." असं काहीतरी म्हणाले. मग आत्या नुसत्याच बघत राहिल्यावर त्यांनी सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी त्यांचं मीठ तोडलं होतं. सूनबाई कडक, घरात फरसाण येणं बंद. हे भल्या सकाळी फिरायला जाताना कोपऱ्यावरून गरम गाठिया घेत, पिशवी शर्टात लपवून आणत, आणि दुपारी सगळे झोपले की भिंतीपाशी येऊन एखादा तोंडात टाकत. बाकीचे कोंबड्यांना घालत. "हुं तो खाई शकतो नथी, बेन," ते म्हणाले. "ए खाय एटले मने लागे के में खाधुं." त्या खातात, तेव्हा आपणच खाल्ल्यासारखं त्यांना वाटे. मग खाली बघत म्हणाले, दोन्ही मुली कॅनडात. दुपारचं घर फार शांत असतं. ह्या पाच जणी पिशवीचा आवाज ऐकून धावत येतात. दुसरं कोण धावत येतं?

मला वाटलं आत्या आता त्यांना सोलून काढणार. सोसायटीभर वासाचा, माश्यांचा गवगवा झाला होता तो या माणसाच्या गाठियांमुळे, आणि नोटिशीवर सही याच माणसाची. पण आत्यांनी वाकून अंगणातले गाठिया एकेक करून वेचले आणि नुसतं विचारलं, "पापडखार असतो ना यात?" जयंतीभाईंनी मान हलवली. "आणि मीठ?" पुन्हा मान हलली. "पोर मरायला टेकली होती, जयंतीभाई." त्यावर त्या सत्तर वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते भिंत ओलांडून येऊ लागले, अर्ध्यात अडकले, आणि मी त्या कुर्त्यातच त्यांना हात देऊन अलीकडे उतरवलं. त्यांनी माझ्या छातीकडे बघितलं, मग विश्वामित्रीकडे बघितलं, आणि खिशातला पांढरा रुमाल मला दिला.

सभा पाचला सोसायटीच्या मोकळ्या जागेत भरली. चाळीसेक माणसं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. आत्या विश्वामित्रीला कडेवर घेऊन आल्या. मागची पिसं आखूड कापलेली, पण लख्ख. त्यांनी उभं राहून शुद्ध गुजरातीत दोन मिनिटांत सांगितलं: वास येत होता हे खरं, कारण होतं खारट खाणं, ते आता सापडलं आहे आणि बंद झालं आहे, मला पंधरा दिवस द्या. कुणीतरी विचारलं, "खारट घालत कोण होतं?" आत्या म्हणाल्या, "ते महत्त्वाचं नाही." आणि बसल्या. त्यांनी जयंतीभाईंकडे बघितलंही नाही.

प्रमुख टेबलामागे बसले होते. त्यांनी पाण्याची बाटली उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मग उभे राहिले. "गुनेगार हुं छुं," ते म्हणाले. "मरघीओने गाठिया हुं नाखतो हतो." त्यावर पहिला आवाज आला तो मागच्या रांगेतून, त्यांच्या सूनबाईंचा: "पप्पा! तमे गाठिया क्यांथी लाव्या?" त्यानंतर सभेचा विषय बदलला तो बदललाच. अर्ध्या सोसायटीने जयंतीभाईंच्या रक्तदाबावर मतं मांडली, उरलेल्या अर्धीने कोपऱ्यावरच्या गाठियांच्या तेलावर. दोन म्हाताऱ्यांनी आपल्याही घरी फरसाण बंद झाल्याचं दुःख मोकळं केलं. कोंबड्यांना हाकला असं म्हणणारा कुणी उरलाच नाही. ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी फलकावर लागला. मी तो मुद्दाम जाऊन वाचला: "मरघीओने गाठिया नाखवा नहीं." कोंबड्यांना गाठिया घालू नयेत. खाली प्रमुखांची सही. हिंदुस्थानात असा ठराव दुसऱ्या कुठल्या सोसायटीने केला असेल असं मला वाटत नाही.

त्या संध्याकाळी सात वाजता मी, आत्यांचा जुना पंचा नेसून, अनारसे खाल्ले. तेहतीसपैकी नऊ जयंतीभाईंनी खाल्ले. त्यांत मीठ नव्हतं, म्हणून सूनबाईंचीही हरकत नव्हती.

आठवड्याभरात विश्वामित्रीचं पोट बांधलं गेलं, पुढच्या पिसं झडण्याच्या दिवसांत तिला मागे नवी, सोनेरी पिसं आली. अंडं मात्र तिने पुन्हा कधी दिलं नाही. आत्या म्हणत, "पेन्शनीत आहे, देईल कशाला?" जयंतीभाईंना रोज चार वाजता यायची परवानगी मिळाली. हातात मूठभर बाजरी, त्याहून जास्त नाही. येताना ते खुर्ची घरून आणत आणि जाताना घरी नेत, जणू कायमची ठेवली तर कुणी काही म्हणेल. दोघं फारसं बोलत नसत. आत्या वाकून वाकून पाहणी करत, जयंतीभाई मूठ उघडत, आणि पाच नद्या त्यांच्या चपलांवर नाचत.

पण कोंबड्या निवृत्त झाल्यावरच आत्यांकडे आलेल्या होत्या. एकेक करून गेल्या. पहिली मही, मग साबरमती, एका वर्षाच्या अंतराने तापी आणि नर्मदा. विश्वामित्री गेल्या थंडीत गेली, सकाळच्या उन्हात बसल्या बसल्या. मंजिरीला सुट्टी नव्हती, म्हणून मी एकटाच मांजलपूरहून स्कूटरने गेलो. आत्यांनी कढीपत्त्याच्या झाडाखाली जागा केली होती, माती सारखी करून झाली होती, हातही धुऊन झाले होते. त्या पायरीवर बसल्या होत्या. आता त्यांना कमरेत वाकता येत नाही, गुडघे दुखतात, चालायला काठी लागते. मी म्हटलं, "आत्या, वाघोडियाला फोन करू का? तुमची विद्यार्थिनी आनंदाने देईल. दोन तरी आणू."

त्या हसल्या. "नको हो, जावईबापू. आता आणल्या तर त्या माझ्यामागे राहतील. मग त्यांचं कोण बघणार?"

मी पायरीवर त्यांच्या शेजारी बसलो. खुराड्याचं दार उघडंच होतं. चार वाजले, आणि जयंतीभाई खुर्ची घेऊन आले. त्यांना सकाळीच कळलेलं होतं, पण हाताच्या सवयीला कळलेलं नव्हतं. खुर्ची मांडून बसता बसता त्यांनी मूठ उघडली आणि बाजरी अंगणात सांडली. कुणी धावत आलं नाही. दाणे नुसते फरशीवर पसरले. जयंतीभाई ओशाळले, खुर्चीतून कष्टाने खाली वाकले आणि एकेक दाणा वेचू लागले.

"रहेवा दो, जयंतीभाई," आत्या म्हणाल्या. "कोईक आवशे."

राहू द्या, कोणीतरी येईल. जयंतीभाई पुन्हा खुर्चीत बसले. ऊन भिंतीवरून उतरत होतं. आम्ही तिघं त्या दाण्यांकडे बघत, कोणीतरी येईल म्हणून बसून राहिलो.